न झालेल्या कुस्त्या

जानेवारी २०२५मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडनं कोल्हापूरच्या अमृता पुजारीला हरवून ‘महिला महाराष्ट्र केसरी’ हा किताब मिळवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या नगरला, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगरला, पुरुषांची महाराष्ट्र केसरी भरली. पृथ्वीराज मोहोळ जिंकला. पण त्या आठवड्यात नगरच्या चहाच्या टपऱ्यांवर चर्चा होती ती एका मल्लानं पंचाला मारलेल्या लाथेची. आपल्याच जिल्ह्याची पोरगी नुकतीच केसरी झाली आहे, हे मला तिथे कुणाकडूनही ऐकायला मिळालं नाही.

तक्रार माध्यमांची नाही. मला पडलेला प्रश्न थोडा वेगळा आहे. पहिला महाराष्ट्र केसरी १९६१चा, सांगलीचे दिनकर दह्यारी. पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३ची, तीही सांगलीचीच, प्रतीक्षा बागडी. तिनं अंतिम लढतीत कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवलं. दोन्हींमध्ये बासष्ट वर्षांचं अंतर आहे. त्या बासष्ट वर्षांत ज्या स्पर्धा झाल्याच नाहीत, त्यात कुणावर अन्याय झाला का? झाला असेल तर नेमका कुणावर?

सरळ उत्तर असं की झाला नाही. अन्यायाला मागणारा लागतो, नाकारणारा लागतो. कुणी मुलगी १९७५ साली वजनकाट्यावर उभी राहिली आणि तिला परत पाठवलं, अशी नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही. मुली नव्हत्याच, तर स्पर्धा कुणासाठी घ्यायची? हा युक्तिवाद मी घरातही ऐकला आहे, आणि तो वाटतो तितका पोकळ नाही. पुरेसे खेळाडू नसताना स्पर्धा भरवणं हा नुसता सोहळा होतो.

माझ्या कामात रोज भेटणारा एक फरक इथे उपयोगी पडतो. डेटाबेसमध्ये शून्य वेगळं आणि ‘नल’ वेगळं. खात्यात शून्य रुपये असणं आणि खातंच उघडलेलं नसणं, यांतला हा फरक. नवखा प्रोग्रामर नलला शून्य समजून बेरीज करतो आणि अहवाल दिसायला व्यवस्थित येतो. ‘मुली नव्हत्या’ हे वाक्य तसंच आहे. मोजल्या आणि शून्य भरल्या, असं झालेलं नाही. मोजायला रकानाच नव्हता.

आणि नाकारणारे नव्हते असंही नाही. हमीदा बानू १९५४ साली पुरुष पैलवानांना उघड आव्हान देत फिरत होती: हरवेल त्याच्याशी लग्न करीन. बडोद्यात बाबा पैलवानाला तिनं दीड मिनिटाच्या आसपास चीत केलं. कोल्हापुरात तिनं पुरुषाला हरवल्यावर जमावानं दगडफेक केली आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं. कुस्तीच्या पंढरीत! मुंबई राज्यात आपल्या कुस्त्यांना बंदी होते अशी तिनं मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. उत्तर आलं की कारण ती स्त्री आहे हे नसून कुस्त्या ठरवून होतात अशा तक्रारी आहेत. असतीलही ठरवून. पण ठरवून होणाऱ्या कुस्त्यांची शंका पुरुषांच्या फडावरही कायम घेतली गेली आहे, आणि म्हणून कुस्तीच बंद करा असं कुणी म्हटल्याचं मला माहीत नाही.

माझी आतेबहीण, मी तिला ताई म्हणतो, शाळेत असताना यात्रेत कुस्ती खेळायची. आत्याचे सासरे तिला रेवड्यांवरच्या कुस्त्यांना न्यायचे, दोन-तीनदा मुलांशी जोडही लागली. नववीनंतर थांबली. कुणी रागावलं नाही, कुणी दाराला कडी घातली नाही. पुढे खेळायला काही नव्हतं, इतकंच. मी तिला विचारलं, तुला कधी वाटतं का तुझ्यावर अन्याय झाला? ती म्हणाली, “अरे, कसला अन्याय? मला खेळायचंय असं मी कधी म्हटलंच नाही.” मग जरा वेळानं: “म्हणणार कुणाला?”

मला वाटतं प्रश्नाची गाठ इथे आहे. इच्छा आधी असते आणि संधी नंतर येते, असं आपण धरून चालतो. निदान खेळात तरी हे बरेचदा उलटं असतं. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ला, अथेन्सला. साक्षी मलिकचं कांस्य २०१६चं. त्यानंतर हरियाणातच नव्हे, श्रीगोंदा-कर्जतकडेही बाप पोरींना घेऊन तालमीचा पत्ता विचारू लागले. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्या इच्छा बाळगून बसलेल्या स्त्रिया नव्हत्याच. इच्छा होण्याची वेळच ज्यांच्यावर आली नाही, त्या होत्या. त्यांना नुकसानभरपाई देता येत नाही, माफी मागायची तर ती कुणाची हेही सांगता येत नाही. तरीही तो अन्याय नव्हता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

(रकाना उघडला की हिशेब संपला, असंही नाही. सांगलीची पहिली स्पर्धा मार्च २०२३मध्ये झाली. जानेवारीत देशाच्या नामवंत महिला मल्ल लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसल्या होत्या आणि एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा बसावं लागलं.)

आता ‘महिला’ ह्या उपसर्गाबद्दल. काही मैत्रिणींना तो खटकतो. मला वेगळी स्पर्धा खटकत नाही. कुस्ती मुळातच गटागटांनी खेळायचा खेळ आहे. सत्तावन्न किलोचा मल्ल सव्वाशे किलोच्या मल्लाशी लढवला जात नाही आणि त्यात कुणाला कमीपणा नाही. किंबहुना ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताबही सगळ्या पुरुषांचा नाहीच. तो वरच्या वजनगटाचा. हलक्या गटात सुवर्ण जिंकणारा पैलवान कितीही चपळ असो, केसरी म्हणवून घेत नाही. म्हणजे पूर्ण महाराष्ट्राच्या नावानं चालणारा किताब आधीपासूनच मूठभर धिप्पाड पुरुषांचा होता, आणि आम्ही त्याला बिनविशेषणाचा समजत आलो. वजनाचं विशेषण प्रत्येक गटाला लागतं, म्हणून ते टोचत नाही. ‘महिला’ एकाच बाजूला लागतं.

उपाय स्वस्त आहे, दुसऱ्या बाजूलाही विशेषण लावायचं. पुण्यात ऑफिसात एका मित्राला, तोही नगरचाच, मी ‘पुरुष महाराष्ट्र केसरी’ असं म्हणून दाखवलं. तो हसला. म्हणाला, “मग काय, बायकांचा असतो का?”

“तेवीसपासून,” मी म्हटलं, “आणि आत्ता तो श्रीगोंद्यात आहे.”