पुसलेलं चित्र कुठे जातं

केरळातलं कळम पाहून आलेला माणूस बहुधा एकच गोष्ट सांगतो : एवढं देखणं चित्र, आणि बघता बघता पुसून टाकलं! मग ओघानं नश्वरतेचं तत्त्वज्ञान येतं. मला ते पटत नाही. मी कळम पाहिलं त्या देवळात जमलेल्या कुणाच्याही चेहऱ्यावर काही गमावल्याची खंत मला दिसली नाही.

कळमेळुत्तु म्हणजे कोरड्या पुडींनी जमिनीवर कळम, म्हणजे देवतेचं चित्र, रेखणं; पुष्कळदा ती भद्रकाली असते. रंग पाच. पांढऱ्याला तांदळाचं पीठ, पिवळ्याला हळद, काळ्याला भाताच्या जाळलेल्या तुसाची पूड, हिरव्याला वाळवून कुटलेला पाला. लाल रंग हळदीत चुना मिसळून होतो. आपलं जुनं कुंकूही हळदीचंच, त्यामुळे ती लाली मला परकी वाटली नाही. कुंचला नसतोच. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून पूड सुटत राहते आणि रेघ उमटत जाते. स्तनांच्या जागी धान्याचे उंचवटे रचतात, म्हणून देवी सपाट राहत नाही. जमिनीतून वर आल्यासारखी दिसते. वटारलेले डोळे, सुळे, हातात तिनं मारलेल्या दारिकासुराचं मस्तक.

मग नंतुणी या तंतुवाद्याच्या साथीनं तिची गाणी होतात, वाद्यांचा गजर चढतो. अंगात आलेला वेळिच्चप्पाड, म्हणजे देवीचा भगत, नाचत नाचत कळमात शिरतो आणि रेघा त्याच्या पावलांखाली मोडतात. तोवर देवी रेघांत उरलेलीच नसते; ती त्याच्या देहात आलेली असते, त्याच्या तोंडून बोलते. विस्कटलेली पूड प्रसाद म्हणून वाटतात. कुणी ती कपाळाला लावतो, कुणी पुडीत बांधून घरी नेतो. याला नाश कसा म्हणायचा? चित्र तिथल्या प्रत्येकाच्या वाट्याला आलं. पाहणाऱ्यांसाठी ते काढलंच नव्हतं. देवीला बोलावण्यासाठी काढलं होतं, आणि ती येऊन गेली.

म्हणूनच प्रदर्शनात कळम काढून, भोवती दोरी बांधून ते दिवसचे दिवस तसंच ठेवतात, तेव्हा मला ते अर्धवट वाटतं. रंग तेच, हात तेच, पण देवी कुठेच जात नाही. दारिकवधाचं विधिनाट्य असलेल्या मुडियेट्टुची सुरुवातही कळमानंच होते. युनेस्कोनं 2010 मध्ये मुडियेट्टुला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, याचा मला आनंद आहे. तरी यादीनं कळम टिकेल असं मला वाटत नाही. ते टिकतं कुणीतरी नवस बोलतं म्हणून. आपल्याकडे गोंधळही असाच. संबळ वाजवणारा मिळेल, चौक मांडणारा मिळेल. पण लग्नानंतर देवीचा गोंधळ घालायचाच, असं मानणारं घर लागतं, आणि रात्रभर जागणारे शेजारी.