मशीनवरून उतरल्यावर

वारजे, पुणे

चि. सई,

रेसिडेन्सीत तुझी पहिलीच नेमणूक डायलिसिस वॉर्डात झाल्याचं कळल्यापासून पहाटे पाचचा चहा उकळताना तुझीच आठवण येते (पहाटे उठायची सवय पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पहिल्या पाळीला जाताना लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही बघ). 1954 साली स्थापन झालेल्या त्या कारखान्यात पेनिसिलिन व्हायचं, आणि जुने लोक आम्हा नवशिक्यांना सांगायचे, की 1941 साली ऑक्सफर्डला हे औषध इतकं दुर्मिळ होतं, की रुग्णाच्या लघवीतून ते परत काढून त्यालाच टोचलं होतं. मूत्रपिंडं औषध किती झपाट्यानं बाहेर टाकतात, ते मला तिथं समजलं. ती थकली की काय होतं, ते तुझ्या आजीमुळे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास तिचं डायलिसिस चालायचं. तिच्या मानेतल्या नळीत जंतुसंसर्ग होऊन हुडहुडी भरली, तेव्हा एका रुग्णालयात सेफाझोलिनचं इंजेक्शन सकाळी सहाला दिलं आणि सातला तिला मशीनवर घेतलं. बरंचसं औषध मशीननंच धुऊन नेलं. रात्री पुन्हा ताप! कुणी वाईट नव्हतं गं, सगळे घाईत होते. पुढच्या खेपेला एक सिस्टर म्हणाली, "आजींना उतरू द्या, मग देते."

ते औषध डायलिसिसनंतर 2 ग्रॅम देतात, आणि शुक्रवारी पुढचा खंड मोठा म्हणून 3. (सुट्टीच्या आदल्या दिवशी आजी दूध जास्त घेऊन ठेवायची, तसंच.) पण प्रत्येक औषधाचा स्वभाव निराळा, बाळा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन प्रथिनांना घट्ट धरून असतं आणि पित्तावाटेही जातं, म्हणून मशीन त्याला फारसं हलवत नाही. व्हँकोमायसिनची रक्तातली पातळी डायलिसिसआधी पाहून पुढचा डोस ठरवतात. सेफेपिम जास्त झालं तर साठत जातं, माणूस गोंधळतो, अंगाला झटके येतात, आणि घरच्यांना वाटतं, वय झालं.

काटकसर मी तुला लहानपणापासून शिकवली, पण पहिल्या डोसात ती करू नकोस. तो सगळ्या अंगाला पुरायचा असतो, मूत्रपिंडं असोत वा नसोत. रुग्ण तापानं खचला असेल तर मशीनची वाटही पाहू नकोस, लगेच दे, आणि डायलिसिसनंतर लागेल तेवढी भर घाल. धीर हवा तो पुढच्या डोसांना. "आज डायलिसिस कधी आहे?" एवढं सिस्टरला विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि तू विचारशीलच, वीस खाटांच्या राउंडमध्ये ते अर्धं मिनिट निसटू नये, एवढीच काळजी वाटते.

रविवारी घरी ये, सावकाश जेवू. आजीचं त्या वर्षीचं कॅलेंडर काढून ठेवलंय. डायलिसिसच्या प्रत्येक तारखेला तिनं गोल केलाय, आणि सिस्टरच्या त्या बोलण्यानंतर दर वेळी गोलाच्या उजवीकडे, डावीकडे कधीच नाही, इंजेक्शनची बारीक खूण.

तुझे,
आजोबा