भेद खोटा, मग शॉक कोणाला?

सगळं एकच ब्रह्म असेल आणि भेद खोटा असेल, तर ओल्या हाताने गीझरला हात लावल्यावर शॉक कोण कोणाला देतो? आमच्या साताऱ्यातल्या ज्ञानेश्वरीच्या वाचनात कॉलेजच्या एका पोराने बुवांना हे विचारलं. लोक हसले. बुवांनी शंकराचार्यांचा आधार घेतला: परमार्थात भेद नाही, व्यवहारात आहे, आणि शॉक व्यवहारात बसतो. उत्तर शास्त्राला धरून होतं. पण मी वायरिंगची कामं घेणारा माणूस. भेदाशी माझी रोजची गाठ.

वीज वाहते ती दोन टोकांच्या दाबात फरक असेल तरच. अकरा हजारांच्या तारेवर पाखरू खुशाल बसतं, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्याचाच पंख खांबाच्या लोखंडाला टेकला की खेळ खलास.

बाथरूममध्ये हेच घडतं. बोअरच्या पाण्याचे क्षार धरून गीझरची कॉइल फुटते आणि करंट टाकीत उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो हिरव्या वायरीने जमिनीत जातो आणि करंट गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. अर्थिंग तुटलं असेल तर टाकी, जीआय पाइप आणि नळ असे सगळे २३० व्होल्टवर दबा धरून बसतात. अंघोळीला उभा माणूस अनवाणी, कातडी भिजलेली; एक हात नळावर, पाय ओल्या फरशीवर. तो फरक छातीतून जातो.

यावर उपाय बाँडिंगचा. टाकी, बाहेरून आत येणारी लोखंडी पाइप, सांडपाण्याची लोखंडी नळी, सगळं तांब्याच्या वायरीने एकमेकांना आणि अर्थिंगला बांधायचं. मग बिघाड झाला तरी सगळ्यांचा दाब बरोबरच चढतो, आणि एकाच वेळी हाताला लागणाऱ्या दोन वस्तूंत जीव घेण्याइतका फरक उरत नाही. समत्व म्हणजे सगळं थंड पडणं, असं पुष्कळांना वाटतं. इथे दाब असतो, फक्त तो कोणाच्या छातीवर पडत नाही.

वेदान्त म्हणतो, एकत्व आहेच, ते ओळखायचं. बाथरूममध्ये ते बांधावं लागतं आणि बांधलेलं सुटतंही. क्लॅम्पला गंज चढतो, नवा प्लंबर वायर उपटून फेकतो, भिंतीतून नवी लोखंडी पाइप आत येते आणि आपल्याबरोबर बाहेरचा भेद घेऊन येते.

वाचनाला पुढच्या रांगेत बसणाऱ्या एका घरमालकांकडे गेल्या पावसाळ्यात काम निघालं. तळमजल्यावर त्यांच्या बाथरूमला बाँडिंग, ईएलसीबी, सगळं चोख करून घेतलं. वर भाडेकरूंच्या सामाईक बाथरूममधलं थ्री-पिन सॉकेट उघडलं, तर अर्थचा स्क्रू कोरा. वायर तिथवर आलेलीच नव्हती. खाली लोखंडी बादलीत हीटरचा रॉड. म्हटलं, "काका, वरचंही आत्ताच उरकून घेऊ."

"अरे, ज्याची वेळ भरली त्याला कोण वाचवणार?"

आपली वेळ मात्र त्यांनी दैवावर सोडली नव्हती. तिच्यासाठी मला बोलावलं होतं. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आला की माणसाला प्रारब्ध आठवतं. परमार्थ आणि व्यवहार ही वाटणी ज्ञानासाठी होती. आपण तिची सोय करून घेतली: एकत्व वाचनाला, भेद भाड्याच्या खोलीला. त्या पोराला मी एवढंच सांगेन: भेद व्यवहारात खरा असेल, तर तो मिटवायचं कामही व्यवहारातलंच, आणि त्याचा खर्च घर ज्याच्या नावावर आहे त्याने करायचा.