ईस्टरनंतर पुन्हा पुडी नको

(प्रायश्चित्तकाळातील चौथा रविवार)



येत्या मंगळवारी पवित्र मिस्सामध्ये संत योहानच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील उतारा वाचला जाईल. जेरुसलेममध्ये बेथेस्दा नावाचे तळे होते. तळ्याला पाच पडव्या होत्या आणि त्यांत आंधळे, लंगडे, लुळे असे पुष्कळ आजारी पडून असत. पाणी हलले की जो आधी उतरेल तो बरा होतो, असा त्यांचा विश्वास होता. त्यांच्यात ३८ वर्षे आजारी असलेला एक माणूस होता. प्रभू येशूने त्याला पाहिले आणि आधी एक प्रश्न विचारला, बरे होण्याची तुझी इच्छा आहे का?

प्रश्न ऐकून आपल्याला नवल वाटते. ३८ वर्षे अंथरुणावर असलेल्याला हे काय विचारायचे? पण त्या माणसाचे उत्तर नीट पाहा. तो 'हो' म्हणत नाही. पाण्यात उतरवायला आपल्याला कोणी नाही, आपण पोहोचेपर्यंत दुसराच उतरतो, अशी अडचण तो सांगतो. अडचण खरीच होती. पण इतक्या वर्षांत आजाराची सवय झाली होती आणि बरे होण्याची इच्छा त्या अडचणीखाली दबून गेली होती.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आज आपण एका अगदी साध्या गोष्टीसाठी ऐकू या. ती गोष्ट आपल्या खिशात, कमरेच्या बटव्यात किंवा स्वयंपाकघरातील फळीवरच्या डबीत असते. ती म्हणजे तंबाखू.

आपल्यापैकी अनेकांनी राखेच्या बुधवारी तंबाखू सोडली. आज त्याला २६ दिवस झाले. दर वर्षी आपल्या धर्मग्रामांत असे निश्चय होतात आणि त्यातले बरेचसे पाळलेही जातात. वाडीत पाणी लावताना, होडीवर जाळे ओढताना, बांधकामावर किंवा रात्रपाळीला ज्यांचे बाराशिवाय पान हलत नाही, अशी माणसे ४० दिवस कळ काढतात. हे थोडे नाही. देव हा त्याग पाहतो.

परंतु पुनरुत्थान रविवारची मिस्सा आटोपते, एकमेकांना शुभेच्छा दिल्या जातात आणि चर्चच्या आवाराबाहेर पडताच पुडी निघते. तळहातावर तंबाखू येते, चुना लागतो, अंगठ्याने मळणे सुरू होते. प्रभू थडग्यातून बाहेर आला त्याच दिवशी आपण आपल्या जुन्या जागी परत जातो. आज आपल्याला बोलायचे आहे ते या दिवसाविषयी. तो अजून तीन आठवडे दूर आहे, म्हणून आजच बोललेले बरे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू या. तंबाखू खाणाऱ्याला वाईट माणूस ठरवण्याचा ख्रिस्तसभेचा हेतू नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२९० क्रमांकाच्या परिच्छेदात अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांचा अतिरेक टाळावा, असे संयमाच्या सद्गुणाबद्दल सांगितले आहे. त्याच ग्रंथात १७३५ व्या परिच्छेदात असेही म्हटले आहे की, सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. म्हणजे ख्रिस्तसभा व्यसनाला चांगले म्हणत नाही आणि व्यसनात अडकलेल्याला दूरही लोटत नाही. दहा-बारा वर्षांचा असताना कामावरच्या मोठ्या माणसांनी चिमूट दिली, दाढ दुखली म्हणून आजीने लावायला सांगितली, भूक मारायला उपयोगी पडली, अशा वाटांनी ही सवय आपल्यात शिरली. त्या वयात तिचा अर्थ कोणाला ठाऊक होता?

आता मात्र तो ठाऊक आहे. तंबाखूतील निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात जाते. चुन्यामुळे ते लवकर शोषले जाते, म्हणून चुन्याशिवाय आपल्याला मजा येत नाही. काही वेळाने रक्तातले निकोटिन उतरले की शरीर पुन्हा मागते. त्या मागण्याला आपण तलफ म्हणतो. सकाळी तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही, काम सुचत नाही, असे सांगितले जाते ते खोटे नसते. पण तंबाखू जो त्रास शमवते, त्यातला बराचसा तिनेच निर्माण केलेला असतो. जो आपल्याला तहान लावतो आणि मग पेलाभर पाणी विकतो, त्याला आपण मित्र म्हणणार का?

२०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील दर चार प्रौढांपैकी जवळजवळ एक जण धूरविरहित तंबाखू वापरत होता. मिश्री लावणाऱ्या आपल्या आयाबायाही त्यात आल्या. भारतातील पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अगदी वर आहे. गरोदर बाईने मिश्री किंवा तंबाखू वापरली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. म्हणजे आईची सवय बाळाला पोटातच भोगावी लागते. हे आकडे दूरचे नाहीत. ज्या घरी बाप गालावर पदर धरल्यासारखा रुमाल धरून बसतो, पातळ पेजेशिवाय काही गिळू शकत नाही, आणि ज्या घरची जमीन उपचारांपायी गहाण पडते, अशा घरी आजाऱ्यांसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही जातो. कधी कधी त्या आजाऱ्याचे तोंड इतके कमी उघडते की ख्रिस्तप्रसादाचा छोटा तुकडाच द्यावा लागतो. तेव्हा संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातील शिकवण आठवते. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि आपण स्वतःचे नाही. ज्या तोंडात आपण प्रभूला स्वीकारतो, त्या तोंडाविषयी ही शिकवण अगदी शब्दशः खरी आहे. अनेक जण मिस्सेला आत येण्याआधी बाहेरच्या नळावर चूळ भरतात. म्हणजे ही जाण आपल्या मनात आहेच. ती एका तासापुरती न ठेवता दिवसभर ठेवायची, एवढेच.

मग सोडायची कशी? त्यासाठी पुन्हा बेथेस्दाकडे जाऊ या. प्रभूने त्या माणसाला ऊठ, आपली बाज उचल आणि चालू लाग, अशी आज्ञा केली. बाज तेथेच ठेव, असे प्रभू म्हणाला नाही. ती तेथे राहिली असती तर परत येऊन निजायला जागा राहिली असती. तंबाखूच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. पाहुण्यांसाठी म्हणून पुडी घरात ठेवू नये. चुन्याची डबी, बटवा, मिश्रीचा डबा, सगळे एकाच दिवशी घराबाहेर जाऊ द्यावे. 'कमी करतो' म्हणून ठेवलेली शेवटची पुडी शेवटची ठरत नाही.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. डोके दुखते, चिडचिड होते, झोप लागत नाही, हात आपोआप खिशाकडे जातो. नंतर त्रास उतरत जातो आणि बहुतेकांच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांत शरीराची मागणी बरीच शमते. म्हणून राखेच्या बुधवारपासून ज्यांनी सोडली आहे त्यांना आम्ही आवर्जून सांगतो, तुम्ही डोंगराचा चढ चढून आला आहात. आता ईस्टरला पुन्हा पायथ्याशी उतरून पुढच्या वर्षी तोच चढ कशाला चढायचा?

तलफ कायम राहत नाही. ती लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत ओसरते. जपमाळेचे एक रहस्य, म्हणजे दहा नमो मारिया, शांतपणे म्हणायला तीन-चार मिनिटे लागतात. लाट आली की खिशात पुडीच्या जागी जपमाळ असावी. पेलाभर पाणी प्यावे, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाकावी. मात्र तंबाखूऐवजी सुपारी खाऊ नये. सुपारीनेही कर्करोग होतो आणि तोंड आखडते.

जागा रिकामी ठेवणेही धोक्याचे आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका घराविषयी सांगतो. त्यातून अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून स्वच्छ झाले, पण रिकामेच राहिले आणि तो आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत आला. जेवणानंतर, चहानंतर, मित्रांच्या कट्ट्यावर जी जागा तंबाखूची होती ती दुसऱ्या कशाने तरी भरायला हवी. जेवणानंतर लेकरांचा अभ्यास घ्यावा, अंगणात फेरी मारावी, पुडीचे पैसे रोज एका डब्यात टाकावेत. ईस्टरला तो डबा उघडून घरच्यांसमोर मोजावा.

फक्त मनाच्या जोरावर जमत नसेल तर डॉक्टरांची मदत घेण्यात कमीपणा नाही. निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या आणि औषधे असतात, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत मार्गदर्शन मिळते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, उभी धरलेली तीन बोटे तोंडात जात नसतील, तर तपासणी पुढे ढकलू नये. कृपा आणि औषध यांचे वैर नाही. दोन्ही देवाकडूनच येतात.

डब्लिनचे मॅट टॅलबट हे एक साधे मजूर होते. लहान वयातच त्यांना दारूचे व्यसन लागले. १८८४ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली, तीही फक्त तीन महिन्यांची. ते तीन महिने पार पडल्यावर त्यांनी ती वाढवली आणि पुढे आयुष्यभरासाठी घेतली. नंतर तंबाखूही सोडली. ७ जून १९२५ रोजी मिस्सेला जाताना वाटेत त्यांना मरण आले. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'पूजनीय' ही पदवी दिली. ४० दिवसांचा आपला निश्चयही असाच पुढे वाढवता येतो. ईस्टरला फक्त एवढेच ठरवा, पेन्टेकॉस्टपर्यंत आणखी ५० दिवस.

आता इतरांसाठी दोन शब्द. पाण्यात उतरवायला आपल्याला कोणी नाही, असे तो माणूस म्हणाला. त्या पडव्यांत गर्दी होती, तरी ३८ वर्षे आजारी असलेल्याला हात द्यायला कोणी नव्हते. आपल्या धर्मग्रामात असे होऊ नये. लग्नघरी आणि मयतीच्या घरी तंबाखूचे तबक फिरते, ते बंद करणे आपल्या हातात आहे. सोडलेल्या माणसाला "एका चिमटीने काय होते?" असे म्हणणारा मित्र त्याचे पाय ओढत असतो. मुलाला दुकानातून पुडी आणायला पाठवू नये. १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे कायद्याने गुन्हा आहे, आणि घरात तर तो पहिला धडा ठरतो. घरच्या बायकांनी आणि मुलांनीही पहिले काही दिवस बापाची चिडचिड थोडी सोसावी, टोमणे मारू नयेत. आई मिश्री सोडत असेल तर बाप्यांनीही तेवढाच धीर धरावा.

आणि कोणी मध्येच घसरला तर? शुभवर्तमानात पुढे असे आहे की, प्रभू येशू त्या बऱ्या झालेल्या माणसाला नंतर मंदिरात पुन्हा भेटला. बरे करून तो त्याला विसरला नव्हता. एका दिवशी चिमूट तोंडात गेली म्हणून आधीचे २६ दिवस वाया जात नाहीत. त्याच संध्याकाळी पुडी फेकावी, पापनिवेदनाला यावे, पुन्हा दिवस मोजायला लागावे. दवाखान्यातील माणूस औषध एकदा चुकले म्हणून घरी जात नाही.

येत्या मंगळवारी हा उतारा वाचला जाईल तेव्हा तो दुसऱ्या कोणाची गोष्ट म्हणून ऐकू नका. तुमची वर्षे १० असतील, २० असतील किंवा ३८ असतील. प्रभू आधी तोच प्रश्न विचारील. या वेळी अडचणी सांगत बसू नका. सरळ 'हो' म्हणा.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, आमची जुनी दुखणी आमच्याहून तुला अधिक ठाऊक आहेत. बरे होण्याची इच्छा आम्हांला दे. तलफेच्या घडीला आमच्याजवळ राहा. जे झगडत आहेत त्यांचा हात धर आणि आम्हांला त्यांचा हात धरायला शिकव. जे आजारी आहेत त्यांना धीर दे. तुझ्या पुनरुत्थानाच्या दिवशी आम्ही मोकळ्या मनाने आणि स्वच्छ तोंडाने तुझे गुणगान करावे, अशी कृपा कर. आमेन.