आतला पॅड

रत्नागिरीत मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका मेस्त्रींचं गॅरेज होतं. मे महिना उतरणीला लागला की तिथे उभं राहायला जागा नसे. चाकरमान्यांना परत निघायचं असे, बागायतदारांच्या शेवटच्या पेट्या जायच्या असत, आणि पाऊस लागण्याआधी गाडी एकदा दाखवून घ्यावी असं ज्याला त्याला वाटे.

अशाच एका सकाळी दोन गाड्या पाठोपाठ आल्या. पहिली मारुती मंदिरच्या स्टँडवरच्या एका ड्रायव्हरची. त्याचे पुढचे ब्रेक पॅड ४८ हजार किलोमीटर चालले होते. दुसरी भाट्याच्या गुरुजींची. गुरुजी हायस्कूलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे पॅड जेमतेम २१ हजार चाललेले.

मेस्त्रींनी ड्रायव्हरचं चाक उतरवलं, पॅडच्या मसाल्याला, म्हणजे झिजणाऱ्या थराला, माप लावलं. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदलायचा. "सहा आहे," मेस्त्री म्हणाले.

ड्रायव्हरने खिशातून एक चुरगळलेली पावती काढली आणि आधीच्या आकड्यांखाली 'सहा' लिहिलं. "पावसाळा निघेल?"

"गणपतीपुळे-पावस करत राहिलास तर निघेल. रोज आंबा घाट केलास तर नाही. महिन्याने दाखव."

मेस्त्रींच्या या उत्तरात मला सगळं शहाणपण दिसतं. पॅड किती चालला, एवढ्यावर त्यांचा निकाल नव्हता. किती उरलाय आणि पुढे कुठे जायचंय, हे दोन्ही ते विचारत होते.

गुरुजींना मात्र घाई होती. मुलगी कोल्हापूरला दिलेली. परवा तिचं डोहाळजेवण, आणि त्याच संध्याकाळी तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं. "हवा आणि पाणी तेवढं बघा," ते म्हणाले. "ब्रेकला हात लावायला नको. पॅड चाळीस हजारांपर्यंत जातात. आवाज नाही, काही नाही. शिवाय चाकाच्या फटीतून मी स्वतः पाहिलंय, चांगला जाड आहे."

मेस्त्रींनी तरीही जॅक लावला.

बाहेरचा पॅड खरोखरच जाड निघाला. पाच मिलिमीटर. पण प्रत्येक डिस्कला दोन पॅड असतात, आणि फटीतून दिसतो तो बाहेरचा. मेस्त्रींनी दोन्ही पॅड धरून ठेवणारा कॅलिपर उचलला आणि आतला पॅड गुरुजींच्या तळहातावर ठेवला. एका टोकाला मसाला दीड मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला दोन. बाकी नुसती लोखंडी पाटी.

"पिन गंजून जाम झालीय," मेस्त्री म्हणाले. "कॅलिपर त्या पिनेवर मागे-पुढे सरकायला हवा, तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. तुमची गाडी समुद्राच्या तोंडावर उघड्यावर असते. खारं वारं कुणाला सोडतं?"

"मग आवाज कसा नाही आला?"

"चांगल्या पॅडला पत्र्याची जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. हे मागे कुणीतरी स्वस्तातले बसवलेत, त्यांना जीभच नाही."

मग मेस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑईलच्या बाटलीकडे बघत विचारलं, "ऑईल कोणी भरलं?"

"मीच," गुरुजी म्हणाले. "मार्चमध्ये थोडं खाली गेलेलं दिसलं. लगेच आणून काठोकाठ केलं."

मेस्त्री क्षणभर बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, गळती नसेल तर ऑईल उगाच कमी होत नाही. पॅड झिजतो, तसा पिस्टन पुढे येतो आणि त्याच्या मागची जागा ऑईल भरून काढतं. बाटली खाली गेली, म्हणजे गाडीने तुम्हाला निरोप दिला होता."

गुरुजी हातातल्या पॅडकडे बघत राहिले.

या गाडीचे पॅड दुकानात नव्हते. कोल्हापूरहून मागवले तर परवा दुपारपर्यंत येणार. गुरुजींनी शेवटचं करून पाहिलं. "जायला-यायला प्रत्येकी सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा तर प्रश्न आहे. आल्या आल्या बदलू."

"जाताना मी अडवणार नाही, तो चढ आहे. येताना उतार आहे आणि गाडीत ताई असेल."

ड्रायव्हर बाजूला चहा घेत उभा होता. तो म्हणाला, "गुरुजी, माझी गाडी परवा मोकळी आहे. डिझेल घाला, भाड्याचं मागून बघू." गुरुजींना ते लागलं असणार. वर्षानुवर्षं वहीत हिशेब ठेवणारा माणूस, आणि स्वतःच्या गाडीला नकार मिळाला म्हणून दुसऱ्याच्या गाडीत बसायचं. पण ते हो म्हणाले.

जाताना पालीच्या पुढे त्यांनी ड्रायव्हरला त्या पावतीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "बघायला काही पडत नाही गुरुजी. पण बघितलं की बदलायला लागेल, या भीतीनं लोक बघतच नाहीत. मी बघून घेतो. बदलायचं तेव्हा बदलतो."

डोहाळजेवण झालं, ओटी भरली, आणि चार वाजता सगळे परत निघाले. मलकापूर गेलं, आंबा गाव आलं. उतार सुरू व्हायच्या आधीच ड्रायव्हरने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन गुरगुरायला लागलं. ब्रेकवर तो पाय ठेवून बसत नव्हता. वळण आलं की दाबायचा, वेग उतरला की सोडायचा. चढताना जो गिअर तोच उतरताना, हा घाटातला जुना नेम. तो मोडला की काय होतं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलावर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ट्रक अनेक गाड्यांवर आदळला, आणि ड्रायव्हर इंजिन बंद करून उतार उतरत होता असं तपासात पुढे आलं.

घाटाच्या मध्यावर जळका वास आला. एक गाडी डोंगराच्या कडेला टेकवून उभी, पुढच्या चाकातून धूर, दोन मुलं आईला बिलगलेली. बाप पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाला होता.

"दादा, पाणी नको!" ड्रायव्हर ओरडतच उतरला. "तापलेली डिस्क तडकेल. थंड होऊ दे आपसूक."

"ब्रेक दाबतोय तर पाय खालीच जातोय," बाप म्हणाला. त्याचे हात थरथरत होते. "हँडब्रेक ओढून कशीबशी डोंगराला घासली."

गुरुजींना त्यातलं विज्ञान ठाऊक होतं. सव्वा टनाची गाडी चारशे मीटर खाली उतरते तेव्हा पंधरा-सोळा लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी उष्णता कुठेतरी जावी लागते. इंजिनाने अडवलं नाही, तर ती बहुतेक सगळी ब्रेकमध्ये जाते. मसाला जाड असेल तर ती पिस्टनपर्यंत पोचायला वेळ लागतो. पातळ असेल तर थेट ऑईलला भिडते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं. ताजं डॉट-३ ऑईल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण ओलावा मुरलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबत नाही. हे सगळं गुरुजींनी वर्गात शिकवलं होतं. धूर मात्र आज पाहिला.

"आधी काही आवाज येत नव्हता का?" त्यांनी विचारलं.

बायको म्हणाली, "महिनाभर चिरचिर येत होती. आम्ही काचा वर करून गाणी लावायचो. मग चिरचिर गेली, खरखर आली."

ड्रायव्हरने साखरप्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो येईपर्यंत थांबणं आलं. मुलं रडवेली झाली होती, म्हणून गुरुजींनी त्यांना जवळ बसवून गोष्ट सांगितली. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून माहेरी फोर्ट्सहाइमला निघाली. मोटारीने इतका लांबचा प्रवास त्याआधी कुणी केला नव्हता. उतारांवर लाकडी ब्रेक झिजायला लागले. तेव्हा तिने वाटेतल्या गावात चांभार गाठला आणि ब्रेकवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीच्या ब्रेकचा तो पहिला मसाला.

"ती कशाला थांबली? माहेर तर जवळ आलं होतं ना?" धाकट्याने विचारलं.

"अजून उतार होते बाळा," गुरुजी म्हणाले, आणि त्यांची नजर गाडीत डोळे मिटून बसलेल्या लेकीकडे गेली.

मेकॅनिक आला, ती गाडी ओढून साखरप्याला नेली गेली. पॅड संपून पाटीच डिस्कला घासत होती, डिस्कवर खोल चरे पडले होते. पॅडवर भागलं असतं तिथे डिस्कही गेली, आणि मसाल्यापेक्षा लोखंड महागच.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मिरजोळ्याला आले तेव्हा पॅड येऊन पडले होते. मेस्त्रींनी पिना काढून घासल्या, ग्रीस लावलं, दोन्ही चाकांचे चारही पॅड बदलले. पिस्टन मागे ढकलण्याआधी बाटलीतलं वरचं ऑईल पिचकारीने ओढून घेतलं, नाहीतर मार्चमध्ये भरलेलं सगळं बाहेर आलं असतं. मग जुनं ऑईलही काढून टाकलं. "दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड बसू देत," ते म्हणाले. "आणि पाऊस गेला की दाखवायला या."

गुरुजी त्याआधीच आले, पुढच्याच रविवारी. सोबत शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांची गाडी, आणि गाडीची कागदपत्रं नीट लावलेली फाईल.

"माझी दहा हजारसुद्धा झालेली नाही," पोस्टमास्तर मेस्त्रींना सांगत होते. "आवाजही नाही. गुरुजी उगीच घेऊन आले."

गुरुजींनी त्यांच्या हातातली फाईल घेतली आणि मेस्त्रींना म्हणाले, "तुम्ही चाक काढा."