ऐकणारे यंत्र

यंत्राशी बोलणे आज इतके अंगवळणी पडले आहे की, ही कल्पना संभाषणाच्या गरजेतून नव्हे, तर एका तात्त्विक अडचणीतून पुढे आली, याचा सहज विसर पडतो. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली 'माइंड' या नियतकालिकातील निबंधात, यंत्र विचार करू शकते का हा प्रश्न संदिग्ध म्हणून बाजूला ठेवला आणि त्याऐवजी एक कसोटी सुचवली: पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे केवळ टंकलिखित प्रश्नोत्तरांवरून परीक्षकाला ओळखता येते का? या मांडणीमुळे विचाराची व्याख्या करण्याची गरज उरली नाही. मात्र परीक्षक चिकित्सक असेल, यंत्राला पकडण्यासाठीच तो प्रश्न विचारील, हे तिने गृहीत धरले.

हे गृहीतक किती नाजूक आहे, ते अमेरिकेतील 'एमआयटी' या संस्थेतले संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांच्या प्रोग्रॅममुळे दिसून आले. त्यांनी १९६६ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि त्याला 'एलायझा' हे नाव दिले, ते बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकाच्या नायिकेचे; याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले. एलायझाच्या सर्वांत गाजलेल्या रूपात यंत्र मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका घेई, आणि ही निवड विचारपूर्वक केलेली होती, कारण कार्ल रॉजर्स यांच्या उपचारपद्धतीत तज्ज्ञ सल्ला देण्याऐवजी रुग्णाचेच म्हणणे त्याच्यापुढे पुन्हा मांडतो आणि त्यासाठी जगाविषयी काही ठाऊक असल्याचे दाखवावे लागत नाही. समोरच्याने आईविषयी काही लिहिले की, प्रोग्रॅम तो शब्द हेरून कुटुंबाबद्दल आणखी सांगायला सुचवी. 'माझे' असेल तिथे 'तुमचे' घालून वाक्य प्रश्नाच्या रूपात परत करी. आणि ओळखीचा शब्दच सापडला नाही, तर आधी साठवून ठेवलेले एखादे विधान पुन्हा काढी. अर्थग्रहण यात कुठेही नव्हते. तरीही, ही रचना वायझेनबाउम यांच्या हातून घडताना पाहिलेल्या त्यांच्या सचिव महिलेने यंत्राशी काही वेळ बोलल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली, असे त्यांनी पुढे नोंदवले आहे.

या घटनेचे महत्त्व ट्युरिंग यांच्या कसोटीहूनही अधिक मानावे लागेल, कारण यंत्रात नसलेले आकलन बोलणारा माणूस स्वतःच्या मनातून पुरवतो, हे तिने उघड केले. काही मानसोपचारतज्ज्ञांना तर अशा यंत्रांकडून खरोखर उपचार करून घेण्याची शक्यता दिसू लागली, आणि त्यामुळे वायझेनबाउम अस्वस्थ झाले. बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेल्या आणि नाझी राजवटीत १९३६ साली देश सोडावा लागलेल्या या संशोधकाने १९७६ च्या आपल्या ग्रंथात प्रश्नाचा रोखच बदलला: यंत्राला काय करता येईल, याहून त्याच्याकडे काय सोपवू नये, हे आधी ठरवले पाहिजे, कारण नियमांनुसार निर्णय काढणे वेगळे आणि माणूस म्हणून जबाबदारीने निवड करणे वेगळे. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' ही संज्ञा रूढ करणारे जॉन मॅकार्थी यांनी या ग्रंथावर कठोर टीका केली.

आजची भाषा-प्रारूपे, म्हणजे अफाट मजकुरावरून पुढच्या शब्दाची संभाव्यता शिकलेल्या प्रणाली, एलायझाहून निश्चितच वेगळ्या आहेत. त्यांना केवळ प्रतिध्वनी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु क्षमता वाढल्याने वायझेनबाउम यांचा आक्षेप निकालात निघत नाही, कारण तो यंत्राच्या उणिवेवर आधारलेलाच नव्हता. एलायझाचा मर्यादित साचा थोड्याशा चिकाटीने उघडा पाडता येई. आता तशी फट क्वचितच सापडते, आणि दुःख, आजार किंवा एकाकीपणा यांविषयी बोलणारी व्यक्ती तर ती शोधायलाही बसलेली नसते.