फुटव्यासाठी जखम

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर तालुक्यांची शेती उभी राहिली. इंदापूर तालुक्यातील बोरीसारख्या गावांनी द्राक्षात नाव मिळवले. द्राक्षाचे मणी धरू लागले की बागायतदार वेलीच्या खोडावरून सालीची अरुंद कडी गोल काढून घेतो. याला सगळे ‘गर्डलिंग’ म्हणतात. पानांनी केलेली साखर सालीतून मुळांकडे उतरत असते. ती वाट तुटली की साखर वरच अडते आणि मणी फुगतात.

गुलाबाचीही एक अशीच युक्ती आहे. दांडा वर वाढत राहतो आणि खालचे डोळे झोपलेले राहतात, कारण शेंड्यातून उतरणारे ऑक्सिन त्यांना दाबून ठेवते. निजलेल्या डोळ्याच्या किंचित वर सालीला खाच दिली की हा दाब तिथे तुटतो. मुळांकडून वर येणारे सायटोकायनिन डोळ्याला जागे करते आणि नवा फुटवा निघतो.

यावरून आपण चटकन एक बोधवचन काढतो : जखमेशिवाय फुलणे नाही. मुलीची शाळा सोडवताना, सुनेला गप्प बसवताना, मजुराची मजुरी कापताना हेच वचन वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. आपल्या घरांत त्याला ‘सब्रचे फळ गोड’ अशी जोडही मिळते. पण सब्र हा जखमी माणसाचा गुण आहे. तो जखम करणाऱ्याचा युक्तिवाद नव्हे.

बागायतदाराकडे नीट पाहिले तर त्याची रीत या वचनापेक्षा कितीतरी जबाबदार दिसते. कडी दोन-तीन मिलिमीटरचीच असते. चाकू सालीपुरता जातो, आतल्या लाकडाला लागू द्यायचा नसतो, कारण पाणी त्यातूनच वर चढते. साधारण तीन-चार आठवड्यांत जखम भरून आली पाहिजे. कडी रुंद झाली आणि भरली नाही, तर मुळे उपाशी राहून वेल मरते. म्हणून अशक्त वेलीला तो चाकू लावतच नाही. वेलीला मज्जासंस्था नाही, आपल्यासारखी वेदना नाही, तरीही एवढा हिशेब. शिवाय ही जखम वेलीला हवी होती असे तो म्हणत नाही. मोठा मणी बाजाराला हवा आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते.

माणसाच्या बाबतीत हा हिशेब कोण ठेवतो? दर हंगामात या दोन तालुक्यांतील साखर कारखान्यांचा ऊस तोडायला बीडकडून मजूर येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या त्रासाने काम बुडाले की खाडा, खाड्याला दंड. मग अवयवच काढून टाकलेला बरा, असे त्या बायकांना वाटावे अशी ती व्यवस्था. इथे शरीर एकाचे आणि गोडी दुसऱ्याची. जखम भरली का, हे पाहायला कोणी थांबले नाही.

आपल्या परंपरेने चाकूला मोकळे सोडलेले नाही. जनावर हलाल करतानाही सुरी धारदार हवी, त्याला विनाकारण त्रास होऊ नये, अशी पैगंबरांची शिकवण आहे. सीरियाकडे निघालेल्या फौजेला फळझाडे तोडू नका, अशी ताकीद हजरत अबू बकर यांनी दिल्याचे सांगितले जाते. युद्धातही झाडाचा हक्क मानणाऱ्यांनी शांततेच्या काळात माणसाचा विसरावा, हे शोभत नाही.

तेव्हा बागेची उपमा वापरायची, तर बागायतदाराची सगळी बंधने घेऊन वापरावी. चाकू किती खोल गेला, फळ कोणाच्या ताटात पडले, जखम कधी भरली, याची उत्तरे कापणाऱ्याने द्यावीत. ‘या दुःखाने मी घडलो’ असे म्हणण्याचा हक्क मात्र फक्त ज्याला कापले त्याचा. त्याने तसे म्हटले नाही, तर त्याच्या वतीने आपण म्हणू नये.